पाडव्याचा बँड कुठं वाजवायचा

दसरा होऊन गेला, कोजागरीही होऊन गेली, तरी पाडव्याचा बँड कुठं वाजवायचा हे ठरत नव्हतं. आणि ते ठरत नव्हतं एकट्या चांगदेव मास्तरांमुळं.

एरवी त्यात ठरवण्यासारखं काही नसायचं. निरगुडसरच्या शाळेपुढचं मैदान, दिवाळी पाडव्याची संध्याकाळ, आणि लाल कोट घालून उभा राहिलेला मास्तरांचा ब्रास बँड. गावाला कार्यक्रम फुकट असे, पण बँडला तो फुकट जात नसे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होई. ज्यांच्या घरी लग्न, ती माणसं निमगाव सावा, लोणी अशा गावांहून पाडव्याला निरगुडसरात येत, बँड ऐकत आणि मनात भरला तर तिथंच मास्तरांच्या हातावर सुपारी ठेवत. ऐकायचीही त्यांची एक रीत होती. पुढं बसायचं नाही. मैदानाच्या पार टोकाला, चिंचेखाली जाऊन उभं राहायचं. वरात गावाच्या एका टोकाला असली की दुसऱ्या टोकाच्या घरात भाकरी थापणाऱ्या बाईला ती कळली पाहिजे. म्हणून मास्तर फुंकायचे त्या कॉर्नेटचा, आखूड ट्रंपेटसारख्या पितळी वाद्याचा, आवाज चिंचेपर्यंत पोचतो का, एवढंच ते बघत.

आजवर तो पोचत होता. यंदा पोचणार नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं.

त्यांचा वरचा पुढचा दात गणपतीपासून हलत होता. कॉर्नेटचं माउथपीस नेमकं त्याच दातावर टेकतं. खालचे सूर निभायचे. वरचा सूर घ्यायचा म्हणजे माउथपीस ओठावर दाबायचं, आणि दाबलं की दात आत कलायचा, ओठ सुटायचा, वारा बाजूनं निघून जायचा. मंचरच्या दातांच्या डॉक्टरनं तो काढायला सांगितला होता. "काढल्यावर वाजवता येईल का?" या प्रश्नावर तो हात धूत म्हणाला होता, "ते आत्ता कसं सांगू? सहा-आठ महिने तर विसराच." सहा-आठ महिने म्हणजे अख्खी लग्नसराई. मास्तरांनी दात काढला नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. घरात बायकोला, साळुबाईला, तेवढं कळलं, कारण मास्तर भाकरी दुधात कुस्करून खायला लागले होते.

"सांगून टाका की पोरांना," साळुबाई म्हणाली.

"काय सांगू? मास्तराला दात न्हाई?"

"हाय ना अजून. हलतोय म्हना."

"तू गप. सराई पार पडू दे."

बँडची बैठक गेणूच्या पिठाच्या गिरणीत भरायची. गेणू बँडमध्ये सगळ्यात मोठं वाद्य, बेस, वाजवायचा. कोटावरसुद्धा त्याच्या पीठ असायचंच. मास्तरांचा पुतण्या सुदर्शन ट्रंपेट वाजवायचा आणि चाकणला एका कंपनीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून गावाकडं यायचा. त्या रविवारी मास्तरांनी बैठकीत पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाले, "यंदा मैदान नको. आत वाजवू."

"आत म्हंजी कुठं?" गेणूनं विचारलं. "माज्या गिरनीत?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "दव पडतं. वाद्यं गार पडत्यात, सूर उतरतो."

"दव दरसाल पडतंय, तात्या," सुदर्शन म्हणाला.

"फटाके. मागल्या साली पोरांनी बाँब लावला तवा अर्धं गानं त्यात गेलं."

"मग बाँब बी दरसालचेच."

"आन पाऊस आला तर?"

"दिवाळीत?" गेणू बाहेरच्या निळ्याशार आभाळाकडं बघत म्हणाला. "मास्तर, तुमाला बरं न्हाई का?"

सुदर्शनकडं तोडगा होता. चाकणच्या बाजूला त्यानं बघितला होता. "आपन माईक लावू. तुमच्या कॉर्नेटपुढं एक, क्लॅरिनेटपुढं एक. दोन कर्णे चिंचेवर. आता सगळीच बँडवाली लावत्यात."

मास्तरांना क्षणभर वाटलं, हो म्हणावं. माईकपुढं मांजरासारखं हळू वाजवलं तरी चिंचेखाली ऐकू येईल. पण गेल्या तीन-चार सराया ज्या-ज्या बँडनं हातगाडीवर माईक चढवला, त्याची मास्तरांनी भर वरातीत टिंगल केलेली होती. "फुंकायला छाती लागती, राव, बॅटरी न्हाई," हे त्यांचं वाक्य नदीपलीकडंसुद्धा लोक एकमेकांना ऐकवत. आता माईक मागायचा तर आधी ते वाक्य परत घ्यावं लागणार होतं.

"माईक न्हाई," ते म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. बैठक तिथंच मोडली. मागून गेणू म्हणाला ते त्यांना ऐकू गेलं: "यंदा मास्तराच्या अंगात काय शिरलंय काय म्हाईत."

त्या दिवसापासून मास्तरांना एका जागी बसवेना. ते सकाळी समाजमंदिरात जाऊन आले. ते फार लहान, बेसचा एक सूर सोडला की पत्रा खडखडायचा. शाळेचा वर्ग पाहिला. बाकं हलवायची कुठं? देवळाच्या सभामंडपाला तीन बाजूंनी भिंतीच नव्हत्या. चालता चालता ते जिभेनं दात ढकलून बघायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. शेवटी मैदानासमोरच, रस्त्यापलीकडं, सुवालालशेठचं नवं गोडाऊन दिसलं.

सुवालाल यांचं भुसार मालाचं दुकान मंचरात, पण घर निरगुडसरात होतं. आजा राजस्थानातून आला, नातू इथल्या बाजरीची प्रत डोळे मिटून ओळखायचा. गोडाऊन उन्हाळ्यात बांधून झालं होतं. मास्तर गेले तेव्हा ते रिकामं होतं: लांबलचक, गुळगुळीत कोबा, उघड्या भिंती, वर नवा पत्रा. मास्तरांनी पिशवीतून कॉर्नेट काढला आणि अगदी हलक्या फुंकीनं एक ओळ वाजवली. ती ओळ समोरच्या भिंतीवर गेली, पत्र्यावर चढली आणि दुप्पट होऊन परत आली. मास्तरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी वरचा सूरही घेतला, दात न दाबता, नुसता स्पर्श करून. एरवी तो हातभरही गेला नसता. गोडाऊननं तो उचलून धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"वा!" दारातून सुवालाल म्हणाले. "मास्तर, आमच्या पत्र्यात गाणं होतं हे आम्हालाच ठाऊक नव्हतं."

"शेठ, पाडव्याला द्याल का?"

"द्याल का म्हणजे? लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी तुमचा बँड वाजणार, याहून शुभ काय? आमची मंडळी भंवरीबाई सगळं बघेल. बसायची, चहाची, कशाची चिंता करू नका."

मास्तर घरी आले ते हलके होऊन. मैदानात चिंचेपर्यंत पोचायला लागतो तेवढा जोर इथं लागणार नाही. सुपारीवाले आत कुठंही उभे राहिले तरी त्यांच्या कानावर पडेल ते भिंतींनी दुप्पट केलेलं असेल. त्यांनी बैठकीत सांगितलं, "ठरलं. शेठच्या गोडाऊनमध्ये." सुदर्शन कुरकुरला. गोडाऊनमध्ये ढोलांनी कानठळ्या बसतील म्हणाला. लांबून आलेली माणसं बिचकतील, त्यांना कडेला उभं राहून ऐकायची सवय, असंही म्हणाला. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि "ठरलं" एवढंच पुन्हा म्हणाले. तालमीत वरच्या ओळी ते सुदर्शनला देऊ लागले. "तुझी तयारी व्हायला पायजे," असं कारण होतं. सुदर्शनला ते खरं वाटलं.

पाडव्याला दुपारीच मास्तर कोट घालून बसले. साळुबाईनं ओवाळलं. ओवाळताना ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तबकात ओवाळणी टाकून ते सगळ्यांच्या आधी गोडाऊनवर गेले, आणि दारातच थबकले.

गोडाऊन भरलेलं होतं. तिन्ही भिंतींना पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, काही ठिकाणी पार पत्र्यापर्यंत: बाजरी, सोयाबीन. मधली जागा मोकळी होती, पण तिथं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गाद्या अंथरलेल्या. दरवाज्याला आणि खिडक्यांना भंवरीबाईंनी जाड पडदे लावले होते.

"लोणीचा माल एकदम आला," सुवालाल आनंदानं सांगत होते. "मार्केट बंद, ट्रक जाईना. म्हटलं, कडेनं लावून घेऊ. बघा, उघड्या भिंती दिसत नाहीत, शोभा आली. पाठ टेकायलाही बरं."

मास्तरांनी टाळी वाजवली. टाळी हातातच मेली. पुन्हा वाजवली, जोरात. पोत्यांनी ती गिळून टाकली.

रिकाम्या गोडाऊनमध्ये आवाज ऐकून त्यांनी भरलेलं गोडाऊन निवडलं होतं. दिवाळीत भुसार व्यापाऱ्याचं गोडाऊन रिकामं नसतं, हे निरगुडसरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. स्वतः मास्तरांची बाजरी त्याच थप्पीत कुठंतरी होती.

"काय झालं?" सुवालालनी विचारलं.

"काय न्हाई. झकास हाय," मास्तर म्हणाले. ते बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. एका कोपऱ्यात उभं राहून बघितलं, मग दुसऱ्या. पडदे काढावेत का? काढले तर भंवरीबाईंना काय वाटेल? पोती हलवायची म्हटली तर हमाल सगळे सणाला घरी. तोवर माणसं यायला लागली. बायका गाद्यांवर बसल्या, पोरं लोळली, पुरुष थप्प्यांना टेकले. निमगाव सावाचा हौशीराम आला. त्याच्या घरी दोन पोरींची लग्नं होती, म्हणजे सराईतली सगळ्यात मोठी सुपारी त्याची. त्यानं सवयीनं टोक शोधलं आणि सगळ्यात मागं, सोयाबीनच्या थप्पीजवळ जाऊन उभा राहिला.

बँड उभा राहिला. मास्तर पुढं, शेजारी सुदर्शन, मागं गेणूचा बेस, कडेला ढोल. पहिलं गाणं मास्तरांनी हळूच उचललं. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. सुटा, कोरडा, जवळच पडणारा. पहिल्या दोन रांगा मान हलवत होत्या. तिसऱ्या रांगेत बायका बोलत होत्या. मागं हौशीराम कानामागं हात धरून उभा होता, आणि मग त्यानं हात खाली घेतला. शेजारच्याला काहीतरी म्हणाला. शेजारच्यानं खांदे उडवले.

मास्तरांनी जोर लावला. वरची ओळ आली तशी माउथपीस ओठावर दाबलं. दात कलला. कळ थेट डोळ्यापर्यंत गेली आणि कॉर्नेटमधून सूर निघण्याऐवजी सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज निघाला. पुढच्या रांगेतलं एक पोर खुदकन हसलं. ढोलवाले दोन ठोके वाजवून थांबले. बँड थांबला.

मास्तरांनी चटकन कॉर्नेटचं टोपण फिरवून पिस्टन, बोटानं दाबायची ती दांडी, बाहेर काढला, डोळ्यांपुढं धरला, फुंकला, कोटाच्या बाहीला पुसला. अडकलेल्या पिस्टनचं सोंग जुनं आणि पक्कं होतं. वाजवणारा चुकला की वाद्य चुकतं, हे सगळ्या बँडवाल्यांचं ठरलेलं. लोकही समजून घेत.

"पिस्टन आडकला काय, मास्तर?" सुवालालनी पुढून विचारलं. "तेल आणू?"

"अं? हां. बघतो."

ते पुसत राहिले. जितका वेळ पुसतील तितका वेळ मिळत होता, पण त्या वेळाचं करायचं काय, हे सुचत नव्हतं. मागं माणसं उठायला लागली होती.

तेवढ्यात सुदर्शन पुढं आला. त्यानं आपला ट्रंपेट दोन्ही हातांनी मास्तरांपुढं धरला. गेल्याच महिन्यात पगारातून घेतलेला, आरशासारखा. "तात्या, माझा घ्या. आजच तेल दिलंय. एक पिस्टन अडकायचा न्हाई. मी तुमच्या कॉर्नेटवर निभावतो."

पोरगा मनापासून देत होता. त्याला वाटत होतं, तात्यांची अडचण आपण सोडवली. सगळं गोडाऊन बघत होतं. मास्तरांनी त्या चकचकीत वाद्याकडं बघितलं. आता हे घेतलं आणि वाजलं नाही, तर त्यालाही पिस्टन अडकला म्हणायचं? पोराच्या नव्याकोऱ्या वाद्याला नाव ठेवायचं?

"वाद्याला काय बी झालेलं न्हाई," मास्तर म्हणाले.

"मग?"

"माझा दात हालतोय." आवाज हळू होता, पण मध्येच सगळे गप्प झाल्यामुळं तो नीट ऐकू गेला. "गनपतीपासून. मला वरचा सूर निघत न्हाई. म्हनून तुमाला या गोडाऊनमधी आनलं. हितं हळू वाजवलं तरी चालंल, असं वाटलं व्हतं."

मग मागून गेणूचा आवाज आला, "आरं तिच्या! म्हंजी फटाके, दव, पाऊस, सगळा त्या एका दातातनं आला व्हय?"

हशा पिकला. मास्तरांचे कान तापले. पण हसणाऱ्यांत गाद्यांवर बसलेली साळुबाईही होती, आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती, हे बघून त्यांचा राग कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

सुदर्शन अजून तसाच उभा होता, ट्रंपेट पुढं धरून. "तात्या, मग आता..."

"आता काय? तू पुढं उभा ऱ्हा."

"मी?"

"तुझ्या वरच्या वळी पाठ हायेत. म्या दिल्यात." मास्तर एकदम वळले. "शेठ, राग मानू नका. पन ह्या पोराचा वारा मोकळ्यातला हाय. हितं पोत्यांनी खाऊन टाकला. आमी बाहेर जातो."

"आत्ता?" सुवालाल गोंधळले. "गाद्या..."

"गाद्या बी बाहेर नेऊ की," भंवरीबाई दारातून म्हणाल्या आणि त्यांनीच पहिला पडदा ओढला.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. बायकांनी गाद्यांची टोकं धरली, पोरं गाद्यांवरून उतरेनात, गेणू बेस डोक्यावर घेऊन पडद्यात अडकला, कुणीतरी चहाचं पातेलं रस्त्यात ठेवलं आणि एसटी आली म्हणून पुन्हा उचललं. थोड्या वेळात सगळं गोडाऊन रस्त्यापलीकडच्या मैदानात जाऊन बसलं. अजून उजेड होता. सुदर्शन मध्ये उभा राहिला. त्यानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी मान हलवली.

पहिला सूर सुटला तो मैदानावरून सरळ निघाला.

मास्तरांना कुठं उभं राहावं कळेना. बँडमध्ये त्यांची जागा नव्हती, गाद्यांवर बसायची सवय नव्हती. हातातला कॉर्नेट कुणाकडं द्यावा तेही सुचेना. ते चालायला लागले. दर दहा-वीस पावलांवर थांबून ऐकायचे. ऐकू येतंय. अजून येतंय. चिंचेखाली पोचले तेव्हा हौशीराम तिथं होताच. कॉर्नेट घेऊन आलेल्या मास्तरांना त्यानं थोडं सरकून जागा दिली.

इतक्या वर्षांत मास्तरांनी आपला बँड इथून कधीच ऐकला नव्हता.

"पोरगं दमाचं हाय," हौशीराम म्हणाला.

"हाय."

"पन लई घाई करतंय."

मास्तरांना ते आधीच कळलं होतं. सुदर्शन वरची ओळ स्वच्छ घेत होता, पण ती हातची जाईल या भीतीनं पुढं पळत होता. ढोल त्याच्यामागं धावत होते आणि गेणूचा बेस पार मागं राहिला होता.

"माज्या दोन्ही पोरींच्या वरातीत आसंच पळवनार का?" हौशीरामनं विचारलं. त्यानं खिशात हात घातला होता आणि तो तिथंच राहिला होता. "आन मास्तर, तुमी पुढं न्हाई तर मग सुपारी मी कुनाला..."

उत्तर द्यायला मास्तर तिथं नव्हते. ते गाद्यांच्या कडेनं, पोरांच्या अंगावरून, जवळजवळ धावत पुढं निघाले होते. सुदर्शनच्या समोर पोचले तेव्हा धाप लागली होती. बोलायला वारा नव्हता. त्यांनी कॉर्नेट काखेत मारला, मांडीवर तळहात आपटला, पुन्हा आपटला: या लयीत. याच लयीत. सुदर्शनचे डोळे त्यांच्या हातावर आले. पुढच्या ओळीला तो किंचित थांबला. ढोल त्याला येऊन मिळाले. मागून बेसही आला.

हौशीराम चिंचेखालून निघून गर्दीत शिरला होता. पुढं येतोय की घरी चाललाय, ते मास्तरांना तिथून दिसत नव्हतं, आणि मान वळवून बघायला सवडही नव्हती. वरची ओळ पुन्हा जवळ आली होती. त्यांचा हात मांडीवर पडत राहिला.